नांदेड-लातूर परिसरातील तीर्थक्षेत्रे : येण्याचे व फिरण्याचे मार्ग

नांदेड व लातूर हे मराठवाड्याच्या पूर्व व आग्नेय सीमेवरील दोन जिल्हे. या दोन्ही जिल्ह्यांत व त्यांना लागून असलेल्या हिंगोली, परभणी, बीड आणि धाराशिव जिल्ह्यांत महाराष्ट्राची अनेक मान्यवर क्षेत्रे वसलेली आहेत. माहूरची श्रीरेणुकामाता, औंढ्याचे श्रीनागनाथ, परळीचे श्रीवैजनाथ, अंबाजोगाईची श्रीयोगेश्वरी आणि तुळजापूरची श्रीतुळजाभवानी ही सर्व स्थाने नांदेड वा लातूर येथून एका दिवसात गाठता येतात. गोदावरीच्या काठी नांदेड शहरात श्रीगुरू गोविंदसिंहजींचे पावन स्थान, तख्त सचखंड श्रीहजूर साहिब आहे. एकाच यात्रेत दोन शक्तिपीठे, दोन ज्योतिर्लिंगे व गोदास्नान घडावे, या इच्छेने भाविक वर्षभर या परिसरात येत असतात.

नकाशावर ही क्षेत्रे जवळजवळ दिसतात, म्हणून प्रवास सोपा वाटतो. प्रत्यक्षात मात्र यात्रेकरूंची ओढाताण होते ती मुंबई, पुणे वा नागपूर येथून येणाऱ्या लांबच्या प्रवासात नव्हे. रेल्वेतून उतरल्यानंतरचे शेवटचे वीस ते पन्नास किलोमीटर हाच येथील खरा प्रवास होय. त्यामुळे या परिसराच्या यात्रेची आखणी घरापासून देवापर्यंत न करता देवापासून घराकडे, म्हणजे उलट्या क्रमाने करावी. ज्या क्षेत्री जावयाचे तेथे शेवटचे वाहन कोठून व किती वाजता मिळते हे आधी पाहावे, त्यावरून उतरण्याचे स्थानक ठरवावे आणि मगच गाडीचे आरक्षण करावे.

लोहमार्गाची रचना अशी का?

या भागातील लोहमार्ग क्षेत्रांना जोडण्यासाठी घातले गेले नव्हते, हे ध्यानात घेतले म्हणजे अनेक गोष्टींचा उलगडा होतो. मनमाडहून औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर), जालना, परभणी व नांदेडमार्गे हैदराबादकडे जाणारा मार्ग निजामाच्या राजवटीत, १९०० च्या सुमारास सुरू झाला. त्याचे नावच ‘हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे’ असे होते. मराठवाड्याला राजधानी हैदराबादशी व मनमाडमार्गे मुंबईच्या बाजारपेठेशी जोडणे, हे त्याचे मुख्य काम. हा मार्ग मीटरगेज असल्यामुळे मुंबईकडील प्रवाशांना मनमाडला मोठ्या गाडीतून उतरून छोट्या गाडीत बसावे लागे. हातात वळकटी, डोक्यावर ट्रंक आणि रात्री-अपरात्री फलाट बदलण्याची धावपळ जुन्या पिढीतील अनेकांना आठवत असेल. नव्वदच्या दशकापासून टप्प्याटप्प्याने रुंदीकरण झाले आणि ही अडचण संपली. १ एप्रिल २००३ रोजी दक्षिण मध्य रेल्वेचा स्वतंत्र नांदेड विभाग अस्तित्वात आला.

लातूरची कथा निराळी आहे. कुर्डुवाडी, जिला तेव्हा ‘बार्शी रोड’ म्हणत, तेथून बार्शीपर्यंत अडीच फूट रुंदीची ‘बार्शी लाईट रेल्वे’ १८९७ मध्ये धावू लागली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने ती उभारली. हलक्या रुळांवरूनही पुरेसा भार वाहता येतो, हे तिने दाखवून दिले आणि अरुंद मार्गाच्या रेल्वेचा तो एक नावाजलेला नमुना ठरला. १९०६ मध्ये ती पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोहोचली. पंढरीच्या वारकऱ्यांची वाहतूक हा या रेल्वेच्या उत्पन्नाचा मोठा आधार होता. लातूरकडून धान्य व इतर शेतमाल जाई. भाविकांना डोळ्यांसमोर ठेवून वाढलेला या भागातील लोहमार्ग कोणता, असे विचारल्यास बार्शी लाईटचेच नाव घ्यावे लागेल, मात्र तिचे लक्ष पंढरपूरकडे होते. तुळजापूर तिच्या वाटेवर नव्हते. जुना मार्ग येडशीवरून जाई आणि जिल्ह्याचे गाव उस्मानाबादही बाजूला राही.

या मार्गाचे रुंदीकरण होताना ही उणीव दूर झाली. सप्टेंबर २००७ मध्ये लातूर ते उस्मानाबाद आणि ऑक्टोबर २००८ मध्ये उस्मानाबाद ते कुर्डुवाडी हा रुंद मार्ग वाहतुकीस खुला झाला. उस्मानाबाद, म्हणजे आताचे धाराशिव, प्रथमच लोहमार्गावर आले व तुळजापूरच्या भाविकांना सोलापूरखेरीज दुसरे स्थानक मिळाले. याच मार्गाने एप्रिल २०१६ च्या भीषण दुष्काळात मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी आली. १२ एप्रिल रोजी पोहोचलेल्या पहिल्या गाडीत पाच लाख लिटर पाणी होते. एकेकाळी वारकऱ्यांना घेऊन जाणाऱ्या या वाटेने त्या उन्हाळ्यात लातूरकरांची तहान भागवली.

थोडक्यात, वर उल्लेखिलेल्या पाच देवस्थानांपैकी रेल्वे थेट गावात नेते ती फक्त परळीला. बाकी चार ठिकाणी स्थानकापासून पुढे रस्त्यानेच जावे लागते.

लातूर व लातूर रोड

बाहेरगावच्या यात्रेकरूंचा सर्वाधिक घोटाळा होतो तो येथे. ‘लातूर’ व ‘लातूर रोड’ ही दोन वेगळी स्थानके आहेत. लातूर रोड हे चाकूर तालुक्यातील जंक्शन असून ते लातूर शहरापासून लोहमार्गाने तीस किलोमीटरांहून अधिक दूर आहे. विकाराबाद-बिदर-उदगीर-परळी हा मार्ग लातूर शहराला न शिवता जातो. शहराकडे जाणारा मार्ग या जंक्शनवर येऊन मिळतो. हैदराबाद वा बिदरकडून येणाऱ्या काही गाड्या लातूर रोडवरून थेट परळीकडे जातात. तिकिटावर ‘लातूर रोड’ वाचून शहर आले असे समजून उतरलेल्या कुटुंबाला रात्रीच्या वेळी लहान स्थानकावर वाहनाची वाट पाहत बसावे लागते. सोबत वृद्ध वा लहान मुले असतील तर हा प्रसंग टाळणेच इष्ट. तिकीट काढताना स्थानकाचे पूर्ण नाव वाचावे आणि लातूर शहरात मुक्काम असेल तर गाडी शहराच्या स्थानकावर थांबते याची खात्री करून घ्यावी.

नांदेडहून लातूरला जाणाऱ्यांनीही रेल्वेच्या मोहात पडू नये. सडकेने हे अंतर लोहा व अहमदपूरमार्गे सुमारे १४० कि.मी. आहे. रेल्वेने मात्र पूर्णा, परभणी, गंगाखेड, परळी आणि लातूर रोड असा मोठा वळसा पडतो व प्रवास दोनशे किलोमीटरांहून अधिक होतो. वाटेत परळीला उतरून श्रीवैजनाथाचे दर्शन घ्यावयाचे असेल तर हा वळसा सार्थकी लागतो, एरवी एस.टी. बस उत्तम.

कोणत्या दिशेने यावे

मुंबईहून नांदेडला येण्यासाठी मनमाडमार्गे तपोवन, देवगिरी, नंदिग्राम व राज्यराणी या गाड्या भाविकांच्या परिचयाच्या आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई-जालना वंदे भारत गाडीचा विस्तार नांदेडपर्यंत करण्यात आला. लातूरसाठी मुंबईहून पुणे-कुर्डुवाडीमार्गे रात्रीची गाडी सोयीची पडते. पंजाबातून येणाऱ्या भाविकांसाठी अमृतसर-नांदेड ही सचखंड एक्सप्रेस आहे. दोन हजार कि.मी.हून अधिक लांबीच्या या प्रवासात वाटेतील काही स्थानकांवर सेवेकरी गाडीतील सर्व प्रवाशांना लंगरचा प्रसाद देतात. तिकीट, पंथ वा जात न विचारता चालणारी ही सेवा इतर देवस्थानांनीही अभ्यासावी अशी आहे.

नागपूर, वर्धा व यवतमाळकडील भाविकांनी माहूरसाठी नांदेडला येण्याचे कारण नाही. यवतमाळहून आर्णी व धनोडामार्गे पैनगंगा ओलांडली की माहूर येते. पुसदहूनही थेट बसगाड्या आहेत. वर्धा-यवतमाळ-नांदेड हा २८४ कि.मी.चा नवा लोहमार्ग बांधला जात असून त्यातील वर्धा ते कळंब हा पहिला टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. पूर्ण मार्ग झाल्यावर विदर्भाकडील यात्रेचे स्वरूप पालटेल. तोवर सडक हाच आधार.

हैदराबादकडील भाविकांना निजामाबाद-बासर-धर्माबादमार्गे नांदेड किंवा बिदर-उदगीरमार्गे परळी असे दोन पर्याय आहेत. पहिल्या मार्गावर बासरला उतरून श्रीज्ञानसरस्वतीचे दर्शन घेता येते.

विमानसेवेविषयी सावधपणे लिहावे लागते. नांदेडचा श्रीगुरू गोविंदसिंहजी विमानतळ ऑक्टोबर २००८ मधील गुरू-ता-गद्दी त्रिशताब्दी सोहळ्याच्या निमित्ताने सज्ज झाला. तेथील प्रवासी सेवा कधी सुरू, कधी बंद अशी राहिली आहे. म्हणून केवळ विमानाच्या भरवशावर यात्रेचा मुहूर्त धरू नये. रेल्वेचे आरक्षणही हाताशी असावे.

कोकण किनाऱ्यावरून येणाऱ्या कुळांसाठी

अंबाजोगाईची श्रीयोगेश्वरी ही कोकणस्थ ब्राह्मणांतील अनेक कुळांची कुलस्वामिनी आहे. समुद्रकाठच्या गुहागर, चिपळूण, रत्नागिरी, राजापूर या भागांतील घराण्यांची कुलदेवता सह्याद्रीपलीकडे, बालाघाटाच्या डोंगररांगेत असावी, याचे बाहेरच्यांना नवल वाटते. लग्नकार्यानंतर नवदांपत्याला घेऊन, किंवा घरातील वडीलधाऱ्यांची इच्छा पुरी करण्यासाठी ही कुटुंबे येतात. पूर्वी ही वाट घाट चढून आठवड्यांची होती. आजही ती एका दमात होत नाही, आणि म्हातारी माणसे बरोबर असल्याने मार्ग निवडताना विशेष विचार करावा लागतो.

सडकेने येणाऱ्यांना रत्नागिरी-नागपूर हा राष्ट्रीय महामार्ग जवळपास सरळ आणतो. रत्नागिरीहून आंबा घाट चढून कोल्हापूर, सांगली, सोलापूर, तुळजापूर, औसा, लातूर, अहमदपूर, नांदेड असा हा क्रम आहे. वाटेत करवीरनिवासिनी श्रीमहालक्ष्मी व तुळजाभवानी यांचे दर्शन घडते. थोडी वाट वाकडी केल्यास पंढरपूरही होते. मात्र कोल्हापूर वा पंढरपूर येथे एक व तुळजापुरात एक असे किमान दोन मुक्काम करावेत. किनाऱ्यापासून अंबाजोगाईपर्यंत एका दिवसात गाडी हाकण्याचे धाडस चालक व वृद्ध दोघांनाही झेपणारे नाही.

रेल्वेने येणाऱ्यांना दोन वाटा आहेत. एक, रत्नागिरीहून बसने कोल्हापूर वा मिरज गाठून पुढे पंढरपूर-कुर्डुवाडी-लातूर-परळी या मार्गाची गाडी धरणे. कोल्हापूर-नागपूर एक्सप्रेस या वाटेने जाते, पण ती रोज नसते. दुसरी वाट, कोकण रेल्वेने पनवेलला येऊन तेथून पनवेल-नांदेड गाडी पकडणे. ही गाडी पुणे, कुर्डुवाडी, धाराशिव, लातूर, परळी असे टप्पे घेत नांदेडला जाते. नकाशा पाहता पनवेलची वाट फेऱ्याची वाटेल. परंतु घाटातील बसप्रवास टळतो, गाडी एकदाच बदलावी लागते आणि रात्री पाठ टेकता येते. गुडघेदुखी वा घाट लागण्याचा त्रास असलेल्यांसाठी हीच वाट चांगली. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे पूर्णत्वाने सुरू झाली. तोवर कोकणातील बहुतेकांना हा पर्यायच नव्हता.

अंबाजोगाईला रेल्वे नाही. परळीला उतरून सुमारे २५ कि.मी.चा बसप्रवास करावा. त्याच तालुक्यातील घाटनांदूर येथेही स्थानक आहे, परंतु वाहने परळीला अधिक मिळतात. लातूरहून अंबाजोगाईला बसने दीड तास लागतो. लोककथेनुसार योगेश्वरीचा विवाह परळीच्या वैजनाथाशी ठरला होता. मुहूर्त टळला, वऱ्हाड पाषाण झाले आणि देवी अंबाजोगाईलाच राहिली. या कथेमुळे अनेक कुळे दोन्ही स्थानांचे दर्शन एकाच यात्रेत घेतात, आणि वाहनांच्या दृष्टीनेही तेच सोयीचे आहे.

मराठवाड्यातून गणपतीपुळे, गुहागर वा हरिहरेश्वराकडे निघणाऱ्यांनी हेच मार्ग उलट धरावेत.

माहूरगड : सर्वांत कठीण टप्पा

नांदेड जिल्ह्यातच असूनही माहूर नांदेड शहरापासून सुमारे १३० कि.मी. दूर, पैनगंगेच्या वळणात व दाट वनराजीत आहे. नांदेडहून थेट बसला साधारणतः साडेतीन ते चार तास लागतात. एक रस्ता भोकर, हिमायतनगर व किनवट मार्गे जातो, तर दुसरा हदगाव-उमरखेड बाजूने. पहिल्या रस्त्यावर इस्लापूरजवळ पैनगंगेचा सहस्रकुंड धबधबा आहे. पावसाळ्याच्या उत्तरार्धात तो पाहण्यासारखा असतो. मात्र त्याच दिवसांत नदीनाल्यांना पूर येऊन रस्ते बंद पडतात, म्हणून बसस्थानकावर चौकशी केल्याशिवाय निघू नये.

मुदखेड-आदिलाबाद लोहमार्गावरील किनवट हे माहूरचे जवळचे स्थानक म्हणून पुस्तकांत दिलेले असते. ते खरेही आहे. परंतु किनवटहून माहूर आणखी सुमारे ५० कि.मी. राहते. नंदिग्राम वा तिरुपतीकडील कृष्णा एक्सप्रेसने थेट किनवटला येणाऱ्यांना दिवसा उतरता येत असेल तर हा मार्ग चांगला. गाडीची वेळ सायंकाळनंतरची असेल तर नांदेडलाच मुक्काम करून सकाळची बस धरावी. रस्ता जंगलाचा आहे, रात्री वाहने तुरळक असतात आणि उशिरा पोहोचूनही त्या दिवशी दर्शन घडत नाही.

माहूर गावात पोहोचणे म्हणजे गडावर पोहोचणे नव्हे, हेही लक्षात असू द्यावे. श्रीरेणुकामाता, श्रीदत्तशिखर व श्रीअनसूया ही तीन स्थाने वेगवेगळ्या डोंगरांवर आहेत. गावातील बसस्थानकावरून गडावर जाणाऱ्या एस.टी. गाड्या व खासगी जीपगाड्या मिळतात. घाटरस्ता अरुंद व वळणांचा असल्याने नवरात्रासारख्या मोठ्या यात्रेत खासगी वाहने पायथ्याशी थांबवली जातात आणि भाविकांना एस.टी.नेच वर नेले जाते. स्वतःच्या गाडीने आलेल्यांना हे जाचक वाटते, तथापि वळणावर एक गाडी बंद पडली की शेकडो भाविक अडकतात, हे ज्यांनी पाहिले ते या नियमाला विरोध करत नाहीत. रेणुकामातेच्या मंदिरापर्यंत पायऱ्या चढाव्या लागतात. हृदयविकार वा दम्याचा त्रास असणाऱ्यांनी सकाळच्या गारव्यात चढावे आणि तिन्ही शिखरे एकाच दिवशी उरकण्याचा आग्रह धरू नये. तांबूलाचा प्रसाद घेऊन दुपारी गावात विसावा घ्यावा व दत्तशिखर दुसऱ्या सकाळी करावे, हा क्रम वृद्धांना मानवतो.

औंढा नागनाथची वाट त्या मानाने सरळ आहे. हिंगोलीहून सुमारे २५ कि.मी. आणि नांदेडहून वसमतमार्गे सुमारे ६० कि.मी. पूर्णा-हिंगोली-अकोला मार्गाचे रुंदीकरण २००८ मध्ये पूर्ण झाल्यापासून विदर्भातून हिंगोलीस येणे सुकर झाले आहे. परभणीहूनही बसगाड्या आहेत. सकाळी नांदेड सोडल्यास औंढा करून सायंकाळी परभणीमार्गे परळी गाठता येते.

तुळजापूर सोलापूरहून ४५ कि.मी., तर धाराशिव स्थानकापासून सुमारे २५ कि.मी. आहे. बसगाड्यांची संख्या पाहता सोलापूर सोयीचे, गर्दीचा विचार करता धाराशिव. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव नव्या लोहमार्गाचे काम चालू आहे.

एस.टी., सवलती व इतर वाहने

शेवटच्या टप्प्याचा खरा भार वाहते ती एस.टी. हैदराबाद संस्थानात १९३२ मध्येच, निजामाच्या रेल्वेचा एक विभाग म्हणून, २७ गाड्यांनिशी सरकारी बससेवा सुरू झाली होती. पुणे-अहमदनगर मार्गावर १ जून १९४८ रोजी धावलेल्या पहिल्या एस.टी.च्याही ती सोळा वर्षे आधीची. मराठवाडा १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि पुढे येथील बससेवा महाराष्ट्राच्या परिवहन महामंडळात विलीन झाली.

७५ वर्षे पूर्ण केलेल्या ज्येष्ठांना ऑगस्ट २०२२ पासून एस.टी.चा प्रवास विनामूल्य आहे. ६५ ते ७५ वयोगटाला अर्धे तिकीट लागते, तर मार्च २०२३ पासून सर्व महिलांना निम्म्या भाड्यात प्रवास करता येतो. वयाच्या सवलतीसाठी आधार कार्ड जवळ ठेवावे. या सवलती राज्याच्या हद्दीपुरत्या आहेत. बासर, बिदर वा आदिलाबादला जाताना सीमेपलीकडील भाडे पूर्ण द्यावे लागते. याउलट रेल्वेतील ज्येष्ठ नागरिकांची सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, हे अनेकांना खिडकीवर गेल्यावरच कळते. वृद्ध जोडप्याने नांदेडपर्यंत रेल्वेने यावे व पुढील सर्व क्षेत्रे एस.टी.ने करावीत, हे खर्चाच्या दृष्टीने सर्वांत परवडते.

चार वा सात दिवसांत बरीच क्षेत्रे करणाऱ्यांसाठी महामंडळाची ‘आवडेल तेथे प्रवास’ ही पासाची योजना उपयुक्त आहे. चाळीस-पन्नास जणांच्या भजनी मंडळाने किंवा ग्रामस्थांनी प्रासंगिक करारावर एस.टी. घ्यावी. गाडी स्वतःची असल्याप्रमाणे थांबते आणि वाटेत वाहन शोधण्याची विवंचना राहत नाही.

लहान गावांना जाण्यासाठी काळी-पिवळी जीप व टमटम असतात. त्या भरल्याशिवाय सुटत नाहीत आणि भरल्यावरही थांबत राहतात. निकड असेल तरच त्यांचा आधार घ्यावा. संपूर्ण गाडी ठरवल्यास जाण्या-येण्याचे व थांबण्याचे भाडे निघण्यापूर्वीच बोलून घ्यावे. नांदेड स्थानकापासून गुरुद्वारा जवळच आहे. लातुरात ग्रामदैवत श्रीसिद्धेश्वराच्या मंदिरापर्यंत ऑटोरिक्षा सहज मिळतात. औशाचे नाथसंस्थान, खरोशाची लेणी, निलंग्याचे नीलकंठेश्वर आणि देगलूरजवळील होट्टलची चालुक्यकालीन मंदिरे ही मात्र स्वतंत्र वाहनानेच नीट पाहून होतात.

तिथी व गर्दी

वाहन मिळणे न मिळणे या भागात पंचांगावर फार अवलंबून असते. आश्विन नवरात्रात माहूर व तुळजापूर या दोन्ही ठिकाणी गर्दी असते, आणि त्याच सुमारास दसऱ्यानिमित्त नांदेडच्या गुरुद्वाऱ्यातही देशभरातून भाविक येतात. त्यामुळे नांदेडची यात्रीनिवासे व गाड्या दोन्ही भरलेली असतात. महाशिवरात्रीला परळी, औंढा आणि लातूरच्या सिद्धेश्वराची यात्रा एकाच वेळी येते. मार्गशीर्ष पौर्णिमेला माहूरला दत्तजयंती असते, तर अंबाजोगाईला योगेश्वरीच्या उत्सवाची सांगता. त्या एका दिवशी दोन्ही स्थाने साधण्याचा बेत करू नये. अंतर फार आहे. पुढे मार्गशीर्षाच्या वद्य पक्षात लोहा तालुक्यातील माळेगावी श्रीखंडोबाची मोठी यात्रा भरते. घोडे, गाढवे, उंट व इतर जनावरांच्या बाजारासाठी ती दूरवर प्रसिद्ध आहे. हे माळेगाव थेट नांदेड-लातूर रस्त्यावरच असल्याने त्या दिवसांत या मार्गावर जादा गाड्या सुटतात, तरी वेळ दुप्पट लागतो असे धरून चालावे.

शांत दर्शन हवे असणाऱ्यांनी पौष वद्य पक्ष वा माघाचा पूर्वार्ध निवडावा. हवा थंड असते व रस्ते कोरडे असतात. चैत्र-वैशाखात लातूर-नांदेडचा उन्हाळा कडक असतो. त्या काळी दुपारी बारा ते चार प्रवास टाळावा आणि पाणी सोबत ठेवावे.

दात्यांसाठी, आणि पुढील मार्गांविषयी

देवस्थानांना मिळणाऱ्या देणग्यांचा मोठा भाग मंदिराच्या आवारातील बांधकामासाठी येतो. त्याचे महत्त्व आहेच. तथापि वरील विवेचनावरून ध्यानात येईल की यात्रेकरूला सर्वांत जास्त गरज लागते ती आवाराच्या बाहेर, स्थानक ते पायरी या टप्प्यात. बसथांब्यावरील सावलीची शेड, पिण्याच्या थंड पाण्याची टाकी, वृद्धांसाठी चाकाची खुर्ची, रात्री उशिरा उतरणाऱ्या कुटुंबाला मोफत वा अल्प दरात मिळणारी एक खोली, आणि गाड्यांचे अद्ययावत वेळापत्रक लावलेला मोठा फलक या गोष्टींना फार पैसा लागत नाही. एखाद्या सुवर्णकलशाच्या खर्चात असे अनेक थांबे उभे राहतील. ज्या दात्याला आपल्या आईवडिलांच्या स्मरणार्थ काही करावयाचे आहे त्याने आधी एकदा बसने, सामान घेऊन, स्वतः ही यात्रा करावी आणि कोठे काय हवे ते ठरवावे. संबंधित संस्थानाच्या कार्यालयात चर्चा करून, कामाचा स्पष्ट उल्लेख असलेली अधिकृत पावती घेऊनच देणगी द्यावी.

नवे मार्गही होत आहेत. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी पूर्णपणे खुला झाला. त्यावरून जालन्यापर्यंत येऊन पुढे परभणी-नांदेडकडे वळता येते. अहिल्यानगर-बीड-परळी या २६१ कि.मी. लोहमार्गावर सप्टेंबर २०२५ मध्ये बीडपर्यंत गाडी आली आहे. उरलेला टप्पा झाल्यावर परळी व पर्यायाने अंबाजोगाई पुण्या-मुंबईच्या आणखी जवळ येईल. वर्ध्याजवळील पवनारपासून गोव्याच्या सीमेवरील पत्रादेवीपर्यंत सुमारे आठशे कि.मी.चा ‘शक्तिपीठ महामार्ग’ योजिलेला आहे. माहूर, औंढा, परळी, तुळजापूर व कोल्हापूर ही क्षेत्रे किनाऱ्याशी जोडण्याचा त्यामागे हेतू आहे. जमिनी जाणार असलेल्या शेतकऱ्यांचा, विशेषतः कोल्हापूर भागात, त्याला मोठा विरोध असून तो अद्याप बांधून झालेला नाही. भाविकांनी आपली यात्रा आज उपलब्ध असलेल्या मार्गांवरच आखावी.

परतीच्या प्रवासाचे आरक्षण यात्रेच्या शेवटच्या दिवशी करू नये. माहूरहून परतताना नांदेडला, व तुळजापूरहून परतताना सोलापूर वा धाराशिवला, सुटणारी गाडी आणि तेथे पोहोचणारी बस यांत किमान तीन तासांचे अंतर ठेवावे. बस वाटेत रखडली तरी गाडी चुकत नाही आणि वेळ उरलाच तर नांदेडला गोदावरीच्या घाटावर जाऊन येता येते.